भाडेकरू अकरा महिन्यांचं भाडं एकदम देतोय. घ्यावं का?

काजबटण :

नमस्कार मंडळी. पुण्यात कर्वेनगरला सासूबाईंचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, आता माझ्या नावावर झालाय. जुनी बिल्डिंग, दुसरा मजला, लिफ्ट नाही. आम्ही स्वतः डहाणूकर कॉलनीत राहतो. मी घरीच ब्लाउज शिवते, मिस्टर रिटायर झालेत, त्यामुळे त्या फ्लॅटचं २२ हजार भाडं आमच्याकडे पगारासारखं धरलेलं असतं. जुलैअखेर आधीचं जोडपं गेलं आणि ऑगस्टचं भाडं बुडालं. ब्रोकरला एक महिन्याचं भाडं द्यायचं जिवावर आलं होतं, तेवढ्यात माझ्या एका गिऱ्हाइकीणबाईंच्या ओळखीने निफाडकडचे एक गृहस्थ घर बघायला आले.

द्राक्षबाग आहे त्यांची. मुलीला इथे इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय, पुतणी सीएची तयारी करतेय, दोघींसाठी घर हवंय. माणूस सरळ वाटला. घरात आल्या आल्या नळ सोडून बघितले, बाल्कनीच्या दाराची कडी दोनदा लावून काढून बघितली, मग म्हणाले, पोरी राहणारेत, ही कडी बदलून द्या. मला ते आवडलं. भाड्याबद्दल मात्र अशी घासाघीस केली की मी सुई-दोरा ठेवून ऐकत बसले.

त्यांचं म्हणणं असं: ‘ताई, व्यापाऱ्याकडं अडकलेले पैसे आत्ता सुटलेत. हातात हायेत तवर अकरा महिन्यांचं एकदम घेऊन टाका. ऑक्टोबरची छाटणी लागली का औषधं, मजूर, यातच जातंय सगळं. मंग तुम्ही दर महिन्याला फोन करणार अन् मी पुढची तारीख देणार. दोघांनाबी ताप.’ एवढं बोलून पिशवीतून डायरी काढली. मागच्या पानावर आकडेमोड करूनच आणली होती: २२ गुणिले १०. अकरा महिन्यांचे एकरकमी देतो तर एक महिना सोडा. त्यातले निम्मे रोख देतो म्हणतात. मुलीचं शिक्षण चार वर्षं चालणार, हवं तर पुढच्या वर्षाचंही थोडं आत्ताच देऊन ठेवतो, असंही वर.

आमच्या घरात दोन पक्ष पडलेत. मिस्टर म्हणतात, लक्ष्मी दारात आलीय, तिला तारखा कसल्या देतेस. (त्यांना इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायचीय, ते मी ओळखून आहे.) आणि नणंदबाई म्हणतात, एकदम पैसे घेतलेस की कूळ लागेल, मग काढता येणार नाहीत. मला दोन्ही पटत नाही, पण उत्तरही देता येत नाही. आजवर आम्ही कायम महिन्याच्या पाच तारखेला घेत आलोय. उद्या पोरींना घर नको झालं, डिसेंबरात सोडून गेल्या, तर पैसे परत मागतील का? आणि मी तोवर खर्च केले असतील तर?

कोणी असं वर्षाचं भाडं आधी घेतलंय का? शनिवारपर्यंत त्यांना कळवायचंय.


सोमवारपेठी :

काकू, कूळ पैसे एकदम घेतल्याने लागत नाही, कागद न केल्याने लागतं. नणंदबाईंना सांगा.

बाकी माणूस स्वतः आला, कडी हलवून गेला, म्हणजे निम्मं काम झालं. मी विचारणारच होतो की हे फोनवरचं प्रकरण नाही ना. आमच्या मेव्हण्याने विमाननगरच्या फ्लॅटची जाहिरात ऑनलाइन टाकली तर दुसऱ्या दिवशी ‘मी लष्करात आहे, पुण्याला बदली झालीय, घर न बघताच पसंत आहे, तीन महिन्यांचं भाडं आत्ता पाठवतो’ असा फोन. गणवेशातला फोटो, ओळखपत्राचा फोटो, सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर हजर. मग आला क्यूआर कोड, ‘हा स्कॅन करा म्हणजे पैसे जमा होतील’. मेव्हणा कोड स्कॅन करून पिन टाकायच्या बेतात होता, बायकोने फोन हिसकावला. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. आगाऊ भाड्याच्या नावाने हा उद्योग बरीच वर्षं चाललाय, म्हणून इथे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहून ठेवतोय.

तुमचे निफाडकर यात बसत नाहीत. पण दहाचे पैसे घेऊन अकरा महिने? मी नाही देणार.


एफडीआजोबा :

बँकेत आयुष्य गेलं, त्यामुळे आधी आकडा.

२२ हजाराने ११ महिन्यांचे २,४२,००० होतात. ते २,२०,००० देतो म्हणतात. म्हणजे तुम्ही सोडताय २२,०००. त्या बदल्यात तुम्हाला मिळतंय काय? पैसे लवकर. किती लवकर? पहिल्या महिन्याचं भाडं तर तसंही आत्ताच मिळणार होतं. शेवटचं मिळणार होतं दहा महिन्यांनी. सरासरी धरली तर सगळी रक्कम पाच महिने आधी हातात येते. सात टक्क्यांनी २,२०,००० वर पाच महिन्यांचं व्याज होतं साधारण ६,४००. म्हणजे ६,४०० मिळवायला २२,००० सोडायचे.

उलट बाजूने बघा. हे तुम्ही त्यांच्याकडून उसने घेतलेत असं समजलात तर वर्षाला साडेतेवीस-चोवीस टक्के दराने घेतलेत. पर्सनल लोनसुद्धा याहून स्वस्त मिळतं. डायरीच्या मागच्या पानावर तो हिशेब करणारा माणूस भोळा नाही हो, हुशार आहे. (यात वाईट काही नाही. शेतकऱ्याने एकदा तरी आपल्या बाजूचा हिशेब करावाच.)

सूट द्यायचीच तर पाच-सहा हजारांच्या आत. भाडं थकण्याची भीती गेली, दर महिन्याचा फोन गेला, याची किंमत तुमच्या मनाने आणखी हजार-दोन हजार धरा.

आता स्कूटरबद्दल. मिस्टरांना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा की ते पैसे अजून तुमचे झालेलेच नाहीत. सप्टेंबर संपला की सप्टेंबरचे २२ हजार तुमचे. तोवर उरलेले त्या मुलींचे, तुमच्याकडे फक्त ठेवलेले. वेगळं बचत खातं काढा, त्याला ऑटो स्वीप (जादा पैसे आपोआप एफडीत जातात ती सोय) लावून घ्या, आणि एक तारखेला त्यातून २२ हजार तुमच्या नेहमीच्या खात्यात आपोआप जातील अशी सूचना बँकेला देऊन ठेवा. मग डिसेंबरात पोरी गेल्या तरी तुम्हाला कुणापुढे हात पसरावा लागणार नाही. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे.

पुढच्या वर्षाचं मात्र आत्ता घेऊ नका. पुढच्या वर्षी भाडं वाढवायचं नाही का तुम्हाला?


थंबवाला :

मॅडम, मी पौड रोडला लिव्ह अँड लायसन्सची (घर ठराविक मुदतीसाठी वापरायला देण्याच्या परवान्याची) अ‍ॅग्रीमेंट करतो. तुमच्यासारख्या केस सीझनला येतातच. ऊस, द्राक्ष, कांदा, ज्याचे पैसे ज्या महिन्यात येतात त्या महिन्यात पालक एकरकमी द्यायला बघतात. कायद्याने आगाऊ भाडं घ्यायला बंदी नाही. पण पेपरमध्ये आलं पाहिजे.

महाराष्ट्रात ११ महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट म्हणजे नोंदणी नको, हा समज डोक्यातून काढा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृत लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे वाद झाला तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू म्हणेल ते धरलं जातं, चुकीचं आहे हे तुम्ही सिद्ध करायचं. अडीच लाख आगाऊ घेऊन नोंदणी टाळली तर तो उद्या म्हणू शकतो, हे डिपॉझिट होतं, सगळं परत द्या. सोमवारपेठींनी कागदाबद्दल लिहिलंय ते या अर्थाने बरोबर आहे.

नोंदणी असेल तर कलम २४ तुमच्या बाजूने आहे. मुदत संपली आणि घर सोडलं नाही तर दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं जायचं नाही, सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. मुदत संपल्यापासून दुप्पट भाड्याने नुकसानभरपाई मागता येते. म्हणूनच आजोबा म्हणाले तसं, मुदतीपलीकडचं एक रुपया भाडं घेऊ नका. ३१ जुलैला करार संपतो आणि ऑगस्टचे पैसे तुम्ही आधीच घेऊन बसलाय, मग घर सोडा कुठल्या तोंडाने म्हणणार? दोन वर्षं द्यायचंच असेल तर २२ महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट करा, चालतं. त्यात वाढ आधीच लिहिता येते. पण भाडं ११ चंच घ्या.

वाक्य मी असं टाकतो (लायसन्सी म्हणजे भाड्याने घर घेणारा): ‘लायसन्सीने १ सप्टेंबर ते ३१ जुलै या ११ महिन्यांचे दरमहा २२,००० प्रमाणे होणारे २,४२,००० रुपये भाडे बँकेमार्फत आगाऊ दिले आहे. ही रक्कम डिपॉझिट नाही. मुदतीपूर्वी घर सोडल्यास नोटीसचा एक महिना वगळून पुढील न राहिलेल्या महिन्यांचे भाडे १५ दिवसांत त्याच खात्यावर परत केले जाईल.’ डिपॉझिट वेगळ्या कलमात, वेगळ्या आकड्याने. लॉक-इन (ठराविक महिने घर सोडायचं नाही ही अट) हवा असेल तर तोही इथेच लिहा, नंतर तोंडी सांगितलेला लॉक-इन कुणी मानत नाही.

‘डिपॉझिट नाही’ हे लिहिण्याला स्टॅम्प ड्युटीचंही कारण आहे. पाच वर्षांपर्यंतच्या लिव्ह लायसन्सला ०.२५ टक्के ड्युटी लागते, ती एकूण भाडं, परत न मिळणारी रक्कम, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी काढलेलं व्याज, या सगळ्यांच्या बेरजेवर. भाडं एकदा भाडं म्हणून आणि एकदा आगाऊ रक्कम म्हणून लिहिलं की दोनदा धरलं जायचं. तुमच्या केसमध्ये ५० हजार डिपॉझिट धरलं तर ड्युटी सहाशे-सातशेच्या घरात बसते. नोंदणी फी महापालिका हद्दीत १ हजार. आमची फी वेगळी. तिचं इथे लिहीत नाही, जाहिरात वाटेल.

एक विचारायचं राहिलं. मुलगी १८ ची झालीय का?


काजबटण :

सगळ्यांचे आभार. आजोबा, तुमचा हिशेब मिस्टरांना वाचून दाखवला. चोवीस टक्के ऐकल्यावर चष्मा काढून पुसला, स्कूटरचा विषय त्या दिवसापुरता बंद.

थंबवाले, मुलीला अठरा नोव्हेंबरात पूर्ण होतील. पुतणी एकवीसची आहे. याने काही फरक पडतो का?

आणि रोखीचं काय? ते म्हणतात व्यापाऱ्याने काही पैसे रोखच दिलेत, बँकेत भरायला तालुक्याला जावं लागतं. शिवाय सोसायटीच्या सेक्रेटरींनी कालच फोन करून ऐकवलं की विद्यार्थिनी ठेवणार असाल तर मेंटेनन्स दुप्पट. आमच्या वेळी असलं काही नव्हतं.


लेजरताई :

मी सीएच्या ऑफिसात काम करते, रोखीचं मी सांगते.

२०१७ पासून एका माणसाकडून एका व्यवहारापोटी २ लाख किंवा जास्त रोख घ्यायला बंदी आहे. दंड जितके घेतले तितकाच, आणि तो देणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला. म्हणजे तुम्हाला. आज एक लाख वीस, पुढच्या आठवड्यात एक लाख वीस असं तोडूनही उपयोग नाही, कारण व्यवहार एकच आहे, एकच करार. निम्मे रोख म्हणजे तुम्ही मर्यादेच्या आत आहात हे खरं, तरी मी म्हणेन सगळे बँकेतूनच घ्या. उद्या परत करायची वेळ आली तर किती आले, कधी आले, कोणाकडून आले, याचा पुरावा पासबुकात असेल. रोख दिलेल्या पैशांची पावती लोक फ्रिजवर लावतात आणि मग हरवते.

करार सप्टेंबर ते जुलै आहे, तर सप्टेंबर ते मार्च सात महिन्यांचे १,५४,००० या आर्थिक वर्षात दाखवायचे, एप्रिल ते जुलैचे ८८,००० पुढच्या. घराचं भाडं ज्या काळाचं असतं त्या वर्षात धरतात, हातात कधी आलं यावर नाही. एका वर्षात सगळं दाखवून उगाच जास्त कर भरू नका. त्यातून महापालिकेचा भरलेला कर वजा, मग राहिलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट. टीडीएसचा (भाडेकरूने भाड्यातून कर कापून भरण्याचा) प्रश्न तुम्हाला नाही, तो घरभाडं महिना ५० हजारांच्या वर गेलं की येतो.

पण कुणाचा फ्लॅट परदेशातल्या मुलाच्या नावावर असेल आणि आईवडील इथे भाडं घेत असतील (कोथरूडमध्ये अशी घरं काय कमी नाहीत), तर वेगळं. मालक अनिवासी असेल तर भाडं कितीही असो, भाडेकरूने ३० टक्के अधिक सेस कापून भरायचा असतो. वर्षाचं एकदम घेतलं की ही रक्कम डोळ्यात भरण्याएवढी होते आणि भाडेकरूला बहुतेक वेळा त्याचा पत्ताच नसतो.

सेक्रेटरींना सांगा, भाड्याने दिलेल्या फ्लॅटला बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी लावते ते) सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, राज्य सरकारचा १ ऑगस्ट २००१ चा आदेश आहे. सेवा शुल्काच्या, पूर्ण मेंटेनन्स बिलाच्या नाही. विद्यार्थी, कुटुंब असा भेद त्यात नाही.

आणि जाता जाता, महापालिकेची मिळकतकरातली ४० टक्के सवलत स्वतः राहणाऱ्याला असते. भाड्याने दिलेल्या घरावर ती घेत असाल तर तेही बघून घ्या.


वाकडचा_भाडेकरू :

सगळे मालकाच्या बाजूने लिहितायत म्हणून मी दुसरी बाजू टाकतो.

आम्ही दोघं नवराबायको, माझा स्वतःचा व्यवसाय, पगाराची स्लिप नाही. वाकडला घर बघताना मालक म्हणाला, स्लिप नाही तर वर्षाचं आधी द्या. दिलं. पहिले दोन महिने बरं चाललं. मग बाथरूमच्या छतातून वरच्यांचं पाणी गळायला लागलं. थेंब नाही, धार. गीझरच्या पॉइंटपाशी. फोन केला की ‘बघतो’. वॉचमनमार्फत निरोप, ‘बघतो’. दर महिन्याला पैसे देत असतो तर महिनाअखेरीला एक तरी शब्द चालला असता, ‘आधी गळती, मग भाडं’. आमच्याकडे द्यायलाच काही उरलं नव्हतं, मग ऐकणार कशाला? प्लंबर आम्हीच आणला, बिल आम्हीच भरलं. आजतागायत मिळालेलं नाही.

तेवढ्यात त्याने फ्लॅट विकायला काढला. नवीन लोक घर बघायला यायचे, आमच्या स्वयंपाकघरात उभं राहून भिंत कुठे पाडायची ते बोलायचे. तेव्हा वकिलाने सांगितलं ते काजबटण काकूंनीही ऐकावं. लिव्ह अँड लायसन्स हा १८८२ च्या ईझमेंट्स अ‍ॅक्टमधला परवाना आहे, घरात हक्क निर्माण होत नाही. मालकाने घर विकलं तर नवा मालक तो परवाना पाळायला बांधील नसतो. आपल्याला बाहेर काढलं तर उरलेल्या काळाची भरपाई जुन्या मालकाकडे मागायची. कायद्यात आहे, पण जुन्या मालकाने पैसे कुठेतरी गुंतवलेले असले की मागत बसा. आमचा सौदा फिसकटला म्हणून वाचलो.

तेव्हा काकू, तुम्ही सूट देऊ नका, ठीक. पण त्या काकांना दोन गोष्टी लिहून द्या. एक, दुरुस्तीचं कळवल्यावर आठवड्यात केली नाही तर त्यांनी करून घ्यायची आणि तेवढे पैसे तुम्ही त्या आगाऊ भाड्यातून परत करायचे. दोन, घर विकायचं झालं तर उरलेलं भाडं आणि डिपॉझिट आधी परत, मग खरेदीखत. माझ्या मते २२ हजारांच्या सुटीपेक्षा त्यांना हे जास्त आवडेल. कडी तपासणारा माणूस आहे.


थंबवाला :

वाकडकरांच्या दोन्ही अटी लिहिता येतात. मी लिहितो. मालक लोक सहसा नाही म्हणतात, ती गोष्ट वेगळी.

मॅडम, अठरा पूर्ण नसलेल्या मुलीशी करार होत नाही, झाला तरी कायद्याने त्याला अर्थ नाही. लायसन्सी म्हणून वडिलांचं नाव टाका, राहणाऱ्या म्हणून दोघी मुलींची नावं, नात्यासकट. पुतणी सज्ञान आहे म्हणून तिलाच लायसन्सी करू असं कुणी सुचवेल, करू नका. पैसे देणार काका, परत घेणार काका, तर सहीही त्यांचीच हवी. पुतणी उद्या आर्टिकलशिपला दुसरीकडे गेली तर तुमचा लायसन्सीच घराबाहेर. पुणे पोलिसांच्या वेबसाइटवर भाडेकरूची माहिती भरताना मात्र दोघींची भरा.

ते मुलींना सोडायला येतील तेव्हाच थंब (नोंदणीसाठी बोटांचे ठसे) उरकून घ्या. मशीन घेऊन आमचा मुलगा घरी येतो. द्राक्षवाल्यांच्या बोटांचे ठसे पटकन उमटत नाहीत, औषधं फवारून कातडी गेलेली असते, तर वेळ हातात ठेवा. मागच्या सीझनला एका काकांचे दहाही बोटांचे उमटेनात, शेवटी हात कोमट पाण्याने धुऊन, खोबरेल लावून, पुसून घेतल्यावर डाव्या अनामिकेचा घेतला मशीनने.


सोमवारपेठी :

आणि तुम्ही म्हणता जाहिरात करत नाही.


काजबटण :

काल फोन झाला. सगळं आधी कागदावर लिहून घेतलं होतं, नाहीतर ते मला पुन्हा डायरीत गुंडाळतील अशी भीती होती.

मी म्हटलं, अकराचे अकराच. ते म्हणाले, ‘मंग मला काय फायदा?’ मी वाकडकरांच्या दोन्ही अटी वाचून दाखवल्या. घर विकलं तर पैसे आधी परत, यावर जरा थांबले. मग म्हणाले, ‘हे कागदात येणार? नक्की?’ येणार म्हटलं. दुरुस्तीचंही येणार. त्यावर आठ हजार सोडा म्हणाले, मी चार म्हटलं, पाचावर मिटलं. शिवाय बाल्कनीला जाळी आणि ती कडी माझ्या खर्चाने. भाडं करारात २२ च राहील, पाच हजार शेवटच्या महिन्याच्या भाड्यातून कमी, असं आम्ही ठरवलंय. थंबवाले, हे नीट कसं लिहायचं ते सांगा.

रोख नको म्हटल्यावर थोडी कुरकुर झाली. ‘ताई, तुमच्यासाठी आता तालुक्याला जायचं का?’ मी म्हटलं, पोरींचं पुस्तक आणायला जालच की. शुक्रवारी भरणार आहेत आणि तिथूनच आरटीजीएस करणार आहेत. २ लाखांच्या वर आहे म्हणून बँकेनेच तसं सांगितलं.

पुढच्या वर्षाचं घेतलं नाही. नणंदबाईंना कलम २४ वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या, कायदे काय, आमच्या वाड्यातही होते. त्यांच्या वाड्यात तीन बिऱ्हाडं वीस रुपये भाड्याने बसून होती, त्यामुळे त्यांना मी काही समजावायला जात नाही. सेक्रेटरींना २००१ च्या आदेशाचं पत्र टाकलंय, अजून फोन नाही.

खातं उघडायला उद्या बँकेत चाललेय. माझ्या एकटीच्या नावाने.


एफडीआजोबा :

एकटीच्या नावाने ठीक, पण नॉमिनी टाका. आणि आरटीजीएसचा यूटीआर नंबर (त्या व्यवहाराचा क्रमांक) त्यांच्याकडून मागून घ्या, तो करारात टाकता येतो.


थंबवाला :

पाच हजारांचं असं लिहा: सप्टेंबर ते जूनचं भाडं २२,०००, जुलैचं १७,०००, एकूण २,३७,०००. सूट हा शब्दच नको. आगाऊ मिळालेली रक्कम तेवढीच येते, आरटीजीएसच्या आकड्याशी जुळते. आणि डिसेंबरात गेल्या तर सूट लागू की नाही हा वाद उरत नाही, कारण जुलैचा महिना आलाच नाही. मला आधार आणि पॅनचे फोटो पाठवा, ड्राफ्ट परवा देतो.